रंगाखालची भिंत

९ जून

ताई,

पोचल्याचा फोन केला तेव्हा तू घाईत होतीस, म्हणून हे पत्र. शिवाय फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, हे तुलाही माहीत आहे. कागदावर तरी मी शेवटपर्यंत बोलेन.

घर फार आवडलं. आधी पाहिलेलंच होतं, पण पाहुणी म्हणून येणं वेगळं आणि स्वतःच्या हाताने कुलूप काढून आत येणं वेगळं. खारूने आल्या आल्या सगळ्या खोल्यांतून पळत जाऊन प्रत्येक खिडकीतून बाहेर डोकावून घेतलं आणि मला विचारलं, "आई, इथे आपल्याला कोणी हळू बोला म्हणणार नाही ना?" माझ्या मैत्रिणीच्या एका खोलीत इतके महिने राहून पोर कुजबुजायला शिकली होती. मी म्हटलं, "ओरड हवं तेवढं." तर ओरडली नाही, लाजली.

तुम्ही जाण्याआधी बाथरूमला नवा रंग काढून घेतलात, ते बघून मला भरून आलं. स्वतः घर सोडून चाललेल्या माणसाला काय पडलं होतं? भावजींची बदली, तुमच्या दादूच्या शाळेची धावपळ, सामानाची बांधाबांध, आणि त्यात तू माझ्यासाठी रंगारी बोलावलास. भिंती अशा पांढऱ्याशुभ्र आहेत की आंघोळ करताना शिंतोडे उडवायला जीव धजत नाही. माझं लग्न मोडलं तेव्हा प्रत्येकाने सल्ला दिला. घर फक्त तू दिलंस.

खारूचा पलंग तू सांगितलास तसा आतल्या खोलीत, कपाटाला लागून लावला आहे. कपाट हलवलेलं नाही. त्याचा पाय कच्चा आहे म्हणाली होतीस, ते लक्षात आहे. बेकरी इथून चालत जाण्याइतकी जवळ आहे. मी सकाळची पाळी घेतली आहे. तेवढा वेळ समोरच्या दारातल्या काकू खारूला बघतात आणि शाळेत सोडतात. काकू तुझं नाव निघालं की जरा गप्प होतात. तुमचं काही वाजलं होतं का?

तुझी
धाकटी


२ जुलै

ताई,

एक लाजिरवाणी गोष्ट आहे. बाथरूममध्ये नळाच्या वरच्या कोपऱ्यात काळे ठिपके उठलेत. आधी वाटलं खारूने पेन्सिल चालवली. तिला रागावलेसुद्धा. मग बोट फिरवून बघितलं तर बोटाला काळं लागलं. बुरशी. रोज पावांच्या लाद्या उलट्यापालट्या करून बघणाऱ्या बाईला ती ओळखायला वेळ लागत नाही.

तुमचा नवाकोरा रंग, आणि मी येऊन जरा कुठे स्थिरावते तोच भिंतीची ही दशा. मी फोटो पाठवला तेव्हा तू मेसेजमध्ये लिहिलंस, "ओले कपडे आत वाळत घालतेस का? आंघोळीनंतर खिडकी उघडतेस का? आमच्या वेळी असं कधी नव्हतं." हो, कपडे आत घातले होते, पावसाचे दिवस होते. आणि खिडकी मी बंद ठेवायचे, कारण समोरच्या जिन्यावरून आत दिसतं असं मला उगीच वाटायचं. म्हणजे चूक माझीच म्हणायची.

काल सुट्टी होती, तर कंबर कसून बसले. फरशी धुवायचं अ‍ॅसिड आणि ब्लीच एकाच बादलीत ओतणार, तेवढ्यात काकू दारातून किंचाळल्या, "अगं ए, मरायचंय का? त्या दोघांची विषारी वाफ होते!" बाटलीवर तसं लिहिलेलंही होतं, मी मेली वाचेन तर शपथ. मग नाकाला फडकं, हातात मोजे, खारू काकूंकडे. आधी नुसत्या साबणाच्या पाण्याने घासलं, पुसून कोरडं केलं, मग पातळ ब्लीच लावलं आणि दार-खिडकी सताड उघडी टाकली. आता भिंत पूर्वीसारखी दिसते.

तुझं घर मी नीट ठेवीन. भावजींना यातलं काही सांगू नकोस.

तुझी
धाकटी


२५ जुलै

ताई,

ती परत आली. त्याच जागी.

मी आता शिस्तीत वागते. आंघोळ झाली की रबराच्या वायपरने भिंतीवरचं पाणी खाली ओढते, कोरड्या फडक्याने कोपरे पुसते, पंचे बाहेर दोरीवर घालते, खिडकी दिवसभर उघडी. जिन्यावरच्यांना काय बघायचं ते बघू दे. खारूसुद्धा आता खेळ म्हणून वायपर मारते, "आई, मी गाडीची काच पुसते." एवढं करून दुसरे तीन कोपरे स्वच्छ आहेत आणि हा एकच कोपरा काळा होतो. रंगाला फोड आलाय. नखाने दाबलं तर आत मऊ लागतं.

खारूला खोकला आहे. विशेष काही नाही. मैत्रिणीकडे शनिवार-रविवार राहायला गेलो तेव्हा नव्हता, इथे आल्यावर परत सुरू झाला. हवामानाचा असेल.

ताई, तिथे आधी कधी ओल होती का गं? आठवत असेल तर सांग. मी रागावायची नाही. मला फक्त कळायला हवं की मी काय चुकतेय.

धाकटी


१७ ऑगस्ट

ताई,

तुझा निरोप ऐकला. "जुन्या घराला थोडंफार असतंच, किती मनाला लावून घेतेस." तो मी दवाखान्याच्या बाकावर बसून ऐकला.

रविवारी दुपारी खारूला सर्दी वाटली म्हणून चांगली कढत पाण्याने आंघोळ घातली. बाथरूम वाफेने भरलं होतं. बाहेर आली, केस पुसताना म्हणाली, "आई, हवा पुरत नाहीये." मला वाटलं नाटक करतेय. मग तिच्या गळ्याखालचा खळगा आत जाताना दिसला. ओठांचा रंग बदलला. मी तिला पंच्यात गुंडाळून तशीच धावले, पायात चपला नव्हत्या. मागून काकू माझं दार ओढून घेत आल्या.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरबाईंनी मास्क लावून औषधाची वाफ दिली. हळूहळू तिची छाती खाली बसली. ती झोपल्यावर बाईंनी पत्ता विचारला. मी सांगितला. त्यांचं लिहिणं थांबलं.

"तळमजला? मागच्या अंगणाकडचं?"

"हो."

"पण त्यांनी भिंत फोडून घेतली ना? मी स्पष्ट सांगितलं होतं, ते काम झाल्याशिवाय मुलाला त्या खोलीत झोपवू नका म्हणून. दोनदा आणलं होतं त्याला असंच, बाथरूममधून उचलून." मग त्यांना वाटलं असावं की आपण दुसऱ्याच्या घरचं बोलतोय. "तुम्ही नवीन राहायला आलात का?"

मी म्हटलं, "त्या मुलाची मी मावशी."

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पेनाचं टोपण लावलं.

खारूला काकूंकडे ठेवून मी घरी आले आणि तुझं कपाट ढकललं. चारही पाय ठणठणीत आहेत, ताई. कपाटामागे भिंत जमिनीपासून माझ्या कमरेपर्यंत काळी आहे, आणि काळ्यावर हिरवी लव. बाथरूमचा तो कोपरा या भिंतीच्या बरोबर पाठीमागे येतो. खारूची उशी तिथून एका हातावर होती.

तो पलंग कुठे लावायचा, हे तू सांगितलं होतंस.


२० ऑगस्ट

फोन तू केलास, आणि पहिली रडलीस तूच. लहानपणापासून तू रडलीस की मी गप्प बसते. परवाही बसले. म्हणून जे बोलायचं राहिलं ते इथे लिहिते.

तू म्हणालीस, "सांगितलं असतं तर तू आली असतीस का?" नसते आले. "मग कुठे गेली असतीस? त्या एका खोलीत किती दिवस काढले असतेस?" काढले असते. तिथे माझी मुलगी कुजबुजत होती, पण श्वास घेत होती.

मग तू म्हणालीस, तुम्ही तरी काय करणार, भावजींना भिंत फोडायचा व्याप नको होता, आणि बंद घर खराब होतं, कोणीतरी राहतं हवं. तुझ्या तोंडून निसटलं ते, नंतर तू सावरून घेतलंस. पण मी ऐकलं. मी सगळ्यांना सांगत फिरले की माझ्या ताईने मला आसरा दिला. बेकरीत सांगितलं, खारूच्या शाळेत सांगितलं. प्रत्यक्षात तुम्हाला घराला राखण हवी होती.

आणि बदली. ती झाली नव्हती, भावजींनी मागून घेतली होती. दादूला श्वास पुरेना तेव्हा तुम्ही गाव बदललंत. योग्य केलंत. त्याची आई म्हणून तू कुठेही गेली असतीस तरी मी तुला शहाणीच म्हटलं असतं. पण जाताना तू त्या भिंतीवर रंग काढून घेतलास, तिच्यापुढे कपाट उभं केलंस आणि माझ्या पोरीची गादी तिथे अंथरायला लावलीस. काळं कुठवर चढलंय हे कपाट सरकवताना तू बघितलं असशीलच. त्या वेळी खारूचा चेहरा डोळ्यांपुढे आला होता का, एवढंच मला विचारायचं आहे. आला असेल तर वाईट. नसेल आला तर जास्त वाईट.

मी महिनाभर स्वतःला अस्वच्छ म्हणत ती भिंत घासत होते आणि तू मला विचारत होतीस, खिडकी उघडतेस का.

काकूंशी तुझं काय वाजलं होतं ते आता कळलं. त्या म्हणाल्या होत्या, "सांग तुझ्या बहिणीला." तू त्यांना म्हणालीस, "आमच्या घरचं आम्ही बघू." मी त्यांना विचारलं, मग तुम्ही का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "रोज तुझ्या तोंडी ताई, ताई. कुठल्या तोंडाने सांगू?"


२८ सप्टेंबर

तू विचारलंस की आता पुढे काय. भिंत फोडली. भावजींना परवानगी मागितली होती, त्यांचा एका शब्दाचा मेसेज आला, "करा."

खारू मैत्रिणीकडे आहे. मी रोज काम संपलं की तिच्याकडे जाते, तिला जेवू घालते आणि झोपायला इथे येते, कारण बेकरीची सकाळची पाळी तिथून गाठता येत नाही. मधल्या खोलीत झोपते. आतल्या खोलीचं दार बंद करून खाली फटीला ओलं फडकं लावते, धूळ येऊ नये म्हणून.

गवंडी बोलघेवडा निघाला. पहिल्या दिवशी त्याने भिंतीवर दोन टिचक्या मारल्या आणि छातीठोकपणे सांगितलं, वरच्यांचं पाणी आहे. वरच्यांकडे जाऊन भांडून आला. वरच्यांचं बाथरूम खडखडीत कोरडं. मग ओशाळून फरशा काढायला लागला. फरशीमागचा गिलावा हाताने ओरबाडता येत होता, भिजलेल्या रव्यासारखा. त्याच्या आत गरम पाण्याचा पाइप आणि त्याच्या सांध्यातून एक एक थेंब. सांध्याला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. गवंडी म्हणाला, "हे कोणीतरी आधी उघडून बघितलंय, बाई. बघून परत बुजवलंय."

मी म्हटलं, "माहीत आहे."

वास असा होता की त्यालाही बाहेर जाऊन उभं राहावं लागलं. दोन्ही बाजूंचा गिलावा विटेपर्यंत काढला, पोत्यांत बांधून बाहेर नेला. पाइप बदलला. त्याला लगेच नवा गिलावा करून मोकळं व्हायचं होतं. मी नाही म्हटलं. "भिंत सुकू दे." तो म्हणाला, "सुकेल हो आतल्या आत." मी म्हटलं, "आतल्या आत काही सुकत नाही." चिडला, पण गेला. उघड्या विटा आणि समोर पंखा, असं आमचं घर आहे सध्या. मी रोज विटांवर तळहात ठेवून बघते. बेकरीतले मालक विचारतात, हात का लाल असतात तुझे. मी सांगत नाही.

राग येतो तेव्हा काम बरं होतं. छतही मीच खरवडलं.


१५ नोव्हेंबर

तुझं पत्र मिळालं. तू पत्र लिहिलंस म्हणजे फोनवर बोलण्यासारखं नसणार, हे पाकीट बघूनच कळलं.

दादूला तिथली शाळा मानवत नाही. भावजींना तिथले लोक मानवत नाहीत. आणि "तू एवढी मेहनत घेऊन घर पूर्ववत केलंस, तर आता आम्हालाच परत यावंसं वाटतंय." तू पुढे लिहिलंस की घाई नाही, माझी सोय झाली की सांग, वर्ष संपायच्या आत झालं तर बरं.

घर कोरडं झालं हे मी तुला कळवलं नव्हतं. खारू दादूशी फोनवर बोलताना म्हणाली होती, "आमची भिंत आता एकदम छान आहे, मी परत माझ्या खोलीत झोपते." मी पोळ्या लाटत ऐकत होते. मला बरं वाटलं होतं की मुलं बोलतायत.

काकू म्हणाल्या, "नाही म्हणून सांग. बघू कोण काढतं तुला." बेकरीतले मालकही तेच म्हणाले. मीही रागाच्या भरात तुला एक पत्र लिहिलं, लांबलचक, आणि फाडलं. त्यातलं एक वाक्य ठेवते. पहिल्यांदा तू मला ओल्या घरात घातलंस आणि आता कोरड्या घरातून काढतेस, आणि दोन्ही वेळी "तुझ्यावर माझा जीव आहे" असं सांगतेस.

ते खोटं नसेलही. त्याचाच त्रास जास्त होतो.

घर तुझं आहे. मी जाते.


६ डिसेंबर

ताई,

सामान बांधून झालं आहे. टेम्पो दुपारी येईल. तोवर हे लिहून काकूंकडे किल्लीबरोबर ठेवते. तू विचारलेलं नाहीस, तरी सांगते, कारण त्या खोलीत दादू झोपणार आहे.

भिंत आता चांगली आहे, पण सगळीच नवी नाही. आम्ही कमरेच्या वर हातभर गिलावा काढला, त्याच्यावरचा जुनाच आहे. पावसाळा सुरू झाला की तिथे हात लावून बघत जा. गार आणि चिकट लागलं तर रंगारी बोलावू नकोस, गवंडी बोलाव. त्याचा नंबर काकूंकडे आहे. तो पहिल्यांदा वरच्यांना दोष देईल, त्याला बोलू दे.

छताजवळ हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला आहे. आंघोळीच्या आधी लावायचा आणि आंघोळ झाल्यावरही बराच वेळ चालू ठेवायचा, आरशावरची वाफ जाईपर्यंत. तो चालू असताना बाथरूमचं दार फटभर उघडं ठेव, नाहीतर बाहेरची हवा आत येत नाही आणि पंखा नुसता गुरगुरतो. वायपर दारामागे टांगला आहे. दादूला सवय लाव, खारूने त्याला फोनवर शिकवलं आहे म्हणे. शाम्पूच्या बाटल्या कोपऱ्यात ठेवू नकोस, त्यांच्या बुडाखाली पाणी साचतं. बेसिनच्या कडेला भरलेली सिलिकॉनची पांढरी पट्टी काळी पडायला लागली की घासत बसू नकोस, काढून नवी भर. छोटा ठिपका दिसला तर त्याच दिवशी साबणाच्या पाण्याने पूस आणि कोरडं कर. कोरडं करणं महत्त्वाचं. आणि बुरशीवर पुन्हा कधी रंग काढू नकोस.

आतल्या खोलीतलं कपाट मी दुसऱ्या भिंतीला लावलं आहे आणि मागे हात जाईल एवढी जागा सोडली आहे. पलंग खिडकीखाली आहे. तो तिथेच असू दे.

डॉक्टरबाईंना भेट. त्या तुला काही बोलणार नाहीत. खारूच्या औषधाचा डोस त्यांनी आता कमी केला आहे. ती धावते, जिने चढते, ओरडतेसुद्धा. काल तिने मला विचारलं, "मावशीला माहीत होतं का?" काय सांगू, ताई? तिला मी कधी खोटं सांगितलेलं नाही. "हो," म्हटलं. ती म्हणाली, "मग दादूला पण माहीत होतं?" मी म्हटलं, "नाही. तो लहान आहे. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं." मला खरं माहीत नाही, पण मी तसं मानून चालते. तूही त्याच्याबाबतीत तेच धरून चाल.

तू लिहिलंस की तुमचं सामान यायच्या दोन दिवस आधी येतेस, म्हणजे आपण दोघी बसून बोलू. मी मुद्दाम त्याच्या आधी निघते आहे. समोर आलीस तर रडशील, आणि मी तुझे डोळे पुसायला लागेन. मला माझी खात्री नाही.

नवीन जागा दोन खोल्यांची आहे. घरमालक म्हातारे गृहस्थ आहेत. मी दारातच विचारलं, भिंतीत कुठे पाणी आहे का? ते ओशाळून म्हणाले, "खोटं कशाला बोलू, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पावसात ओल येते. दाखवतो." त्यांनी स्टूल बाजूला करून दाखवली. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. काकू मागून मला चिमटे काढत होत्या, त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. ती ओल आम्ही पावसाआधी बघून घेऊ. ती कुठे आहे हे तरी मला माहीत आहे.

पत्ता काकू सांगणार नाहीत, तेव्हा त्यांच्यामागे लागू नकोस. दादूला खारूशी बोलायचं असेल तर त्याने फोन करावा, ती उचलेल. तू केलास तर मी उचलणार नाही. कधीच नाही असं लिहायला हात धजत नाही, पण सध्या नाही.

टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. बाथरूमची खिडकी मी उघडी ठेवून जाते आहे.

धाकटी